वडील अवलंबून असल्याचा पुरावा

हरीश आवटीने आपल्या वडिलांना कायमचं आयर्लंडला आणायचं ठरवलं, तेव्हा ते वडील आयर्लंडमध्येच होते. ल्यूकन गावच्या घरात, त्याच्याच स्वयंपाकघरात, स्टुलावर उभे राहून डाळींच्या बरण्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. पण सरकार नावाची जी वस्तू असते, तिच्या लेखी समोर असलेला माणूस आणि राहू दिलेला माणूस हे दोन निराळे इसम असतात. वसंतराव तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले पाहुणे होते. मुदत संपली की मिरजेला परत. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पाहुणे.

मिरजेला परत जाऊन तुम्ही करणार काय, असं हरीशने त्यांना विचारलं नव्हतं, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. हरीशची आई शकुंतलाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मागच्या दिवाळीनंतर एकदा त्याने फोन केला तर वडिलांचा आवाज घोगरा.

"घसा बसलाय का अण्णा?"

"नाही रे. आज अजून वापरला नव्हता."

मिरजेत तेव्हा दिवेलागण झाली होती. हरीश त्या रात्री जेवला नाही, आणि का जेवला नाही हे त्याने कौमुदीला सांगितलं नाही. कौमुदीने विचारलंही नाही. बायकोला अशा गोष्टी न विचारता कळतात आणि ज्या कळायला नकोत त्याही कळतात, पण तो विषय वेगळा.

तर हरीशने विचार केला, आपण चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. नखाएवढ्या तुकड्यावर अख्खं शहर मावेल इतकी वायरिंग करतो. एका म्हाताऱ्याला एका घरात सामावून घेणं किती अवघड असणार? अशा विचारांची माणसं आणि कुठल्याही देशाचं इमिग्रेशन खातं यांची गाठ पडते, तेव्हा बघणाऱ्याने खुर्ची ओढून निवांत बसावं.

पहिला सल्ला अर्थातच मित्र सलीलचा. सलील औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची प्रत तपासायचा, पण ते आपलं पोटापुरतं. त्याचा खरा धंदा व्हिसा. स्वतःच्या कुटुंबाचे सगळे व्हिसे झाल्यावर हाताला काम उरलं नाही म्हणून तो लोकांचे व्हिसे बघायचा. ल्यूकनमध्ये अशी आख्यायिका होती की सलीलच्या सल्ल्याने एकाने आपल्या मांजराला मुलाखतीच्या तारखेचं पत्र आणवलं होतं.

"पगार?" सलीलने विचारलं.

"बसतो मर्यादेत."

"एका वर्षाचा बसून चालत नाही. मागच्या तीन वर्षांचा, कर कापून."

"बसतो."

आयुष्यात पहिल्यांदाच हरीशला आपण भरलेल्या कराचा अभिमान वाटला. स्पॉन्सर! शब्द कसा भारदस्त आहे. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला आपलं नाव झळकतंय असं त्याला उगाच वाटून गेलं.

"तू झालास. आता वडील. ते तुझ्यावर अवलंबून पाहिजेत. आजपासून नाही, आधीपासून. पेन्शन आहे त्यांना?"

"आहे ना. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेत."

सलीलने चहाचा कप खाली ठेवला. "अरेरे," तो म्हणाला. सरकारी पेन्शनबद्दल अरेरे म्हणणारा हा महाराष्ट्राच्या इतिहासातला पहिलाच माणूस असावा.

"घर?"

"त्यांच्याच नावावर."

"च्च. बहीण आहे ना तुला? कुठे असते?"

"गिरिजाताई. सांगलीला. रिक्षाने अर्धा तास."

"मेलास. तिकडे बघणारं दुसरं कोणी नाही असं दाखवावं लागतं. बरं, तब्येत तरी?"

"ठणठणीत. रोज सकाळी नदीच्या बाजूने दोन गावं चालून येतात."

 "यार हरीश, तुझ्या वडिलांना काहीच कसं झालेलं नाही?"

हे त्याने इतक्या दुःखाने विचारलं की हरीशने चक्क सॉरी म्हटलं.

घरी आल्यावर त्याला आणखी एक गोष्ट आठवली. पाहुण्याच्या व्हिसाच्या वेळी सरकारला शंका होती की हा म्हातारा येईल आणि जाणारच नाही. तेव्हा हरीशनेच लांबलचक पत्र लिहून पटवून दिलं होतं, की माझ्या वडिलांचं मिरजेत स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, हाकेच्या अंतरावर प्रेमळ मुलगी आहे, तब्येत उत्तम आहे, आणि त्यांना तिथे इतकं सुखाचं आहे की ते धावत परत जातील. पत्र इतकं छान उतरलं होतं की वसंतरावांनी वाचून विचारलं होतं, "मग मी जाऊ कशाला तुझ्याकडे?" आता त्याच सरकारला, त्याच सहीने कळवायचं होतं की ह्या माणसाचं तिथे कोणी नाही आणि काही नाही.

"दोन्ही खरं आहे," कौमुदी म्हणाली. ती नावन गावच्या हॉस्पिटलात प्रयोगशाळेत होती आणि रोज गाडी चालवून इतकी दमायची की थोडक्यातच बोलायची. "सुख आहे, आणि कोणी नाही."

"असं एका रकान्यात कसं लिहायचं?"

"ते तू बघ. तू स्पॉन्सर."

रविवारी हरीशने बहिणीला फोन लावला.

"ताई, एक छोटंसं प्रतिज्ञापत्र हवं होतं. तू अण्णांकडे बघत नाहीस असं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. 

"कुणी सांगितलं तुला?" गिरिजाताईंचा आवाज एकदम खाली आला होता.

"कुणी नाही गं. तसं लिहून लागतं."

"दर रविवारी डबा घेऊन मी जाते ते काय?"

"ते नाही लिहायचं."

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोण बसलं होतं बाहेर? तू फोनवर होतास. मी बाकावर होते."

"तेही नको लिहायला."

"आणि हे नोटरीपुढे? अरे, इथला नोटरी आमच्या ह्यांच्या वर्गातला आहे! संध्याकाळपर्यंत सगळ्या गावभागात होईल, गिरिजा बापाला बघत नाही म्हणून. तुझं काय जातंय, तू तिकडे पावसात!"

 खरं तर ह्या प्रकरणातली गंमतच ती होती. बापाने लिहून द्यायचं की मी असहाय आहे, बहिणीने लिहून द्यायचं की मी निर्दय आहे, आणि मुलाने लिहून द्यायचं की मी श्रीमंत आहे. ज्या तीन गोष्टी कुठल्याही बऱ्या घरातली माणसं मेली तरी कबूल करणार नाहीत, नेमक्या त्याच मागत होते. सहीशिक्क्यानिशी.

"लिहिते," शेवटी ताई म्हणाल्या. "त्यांना तिकडे बरं वाटणार असेल तर लिहिते. पण खाली माझ्या अक्षरात डब्याचं लिहिणार. नको असेल तर फाडून टाक."

तरीही हरीशच्या हातात हुकमाचं पान होतं. नोकरी लागल्यापासून तो दर महिन्याला न चुकता वडिलांना पैसे पाठवत आला होता. याहून मोठा पुरावा कुठला? त्याने बँकेकडून स्वतःचे आणि वडिलांचे सगळे जुने उतारे मागवले, न उघडताच छापले, आणि वडिलांना घेऊन सॉलिसिटरकडे गेला.

सॉलिसिटर फियोना यांची कचेरी ल्यूकन गावात, घोड्यांवर पैसे लावायच्या दुकानाच्या माडीवर होती. वसंतराव कोट घालून आले होते. कचेरीत शिरताच त्यांचा चेहरा उजळला. फायली, टाचण्या, कपाटावर कपाट. आल्यापासून पहिल्यांदाच ते आपल्या गावात आल्यासारखे दिसले.

फियोनाबाईंनी कागद चाळले. पुन्हा पहिल्यापासून चाळले. मग चष्मा काढला.

"हरीश, एक विचारू? मी कागद उलटे तर धरलेले नाहीत ना?"

"का?"

"तुम्ही वडिलांना पैसे पाठवता हे बरोबर. पण दर वेळी काही दिवसांनी तेवढेच पैसे वडील तुमच्या भारतातल्या खात्यावर पाठवतात. तेवढेच नाही. एक रुपया जास्त. वर्षानुवर्षं. हे बघून कोणीही म्हणेल, वडीलच तुम्हाला पोसताहेत." बाई हसू दाबत होत्या. "त्यांनी तुमच्यासाठी अर्ज केला ना, तर ग्रँड, झकास, एका आठवड्यात मंजूर होईल."

हरीशचं ते भारतातलं खातं म्हणजे पासवर्ड विसरला आहे याची खात्री करण्यापुरतं वर्षातून एकदा उघडायची जागा. त्याने वडिलांकडे पाहिलं. वसंतराव छताकडे बघत होते.

"अण्णा?"

"काय अण्णा? पाडवा येतो, नातीचा वाढदिवस येतो, तुमच्या लग्नाचा वाढदिवस येतो. रिकाम्या हाताने बघत बसू होय?"

"दर महिन्याला?"

"ज्या महिन्यात काही नसेल त्या महिन्यात संकष्टी असते की."

"आणि वर एक रुपया?"

वसंतरावांनी मुलाकडे अशा नजरेने पाहिलं की जणू याला शाळेत घातलंच नव्हतं. "आहेर कधी पुऱ्या आकड्याचा देतात का?"

फियोनाबाईंना आहेर समजावून सांगायला बराच वेळ गेला. समजल्यावर त्या म्हणाल्या, की हे फार सुंदर आहे आणि याने अर्ज पार बुडाला आहे.

एकच वाट होती. वसंतरावांनी स्वतः शपथेवर सांगायचं, की मी सर्वार्थाने मुलावर अवलंबून आहे. मग बाकीचं कसं मांडायचं ते बघता येईल. मसुदा पुढे आला. वसंतरावांनी तो वाचला. स्वल्पविराम दुरुस्त केले. आणि परत सरकवला.

"सही होणार नाही."

"अण्णा, नुसतं लिहायचं असतं."

"नुसतं लिहायचं असतं असं मला सांगतोस?" वसंतराव मराठीत बोलत होते, पण बाई आपोआप ताठ बसल्या. "निराधार योजनेचं टेबल होतं माझ्याकडे. बायका यायच्या, म्हातारे यायचे. चौकशी केल्याशिवाय मी कुणाला आधार नाही असं लिहिलं नाही. आणि माझ्याच बाबतीत चौकशी न करता लिहू? चौकशी करतो. निष्पन्न झालं तर सही."

आता हे कोणी थट्टेवारी नेलं असतं. पण वसंतराव आवटी थट्टा करत नसत. त्यांची जी थट्टा व्हायची ती परस्पर व्हायची. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांनी कोट घातला आणि स्वतःची चौकशी सुरू केली.

आधी घरातले जबाब. कौमुदीला विचारलं, "वसंत आवटी नावाचा इसम ह्या घरात काय खातो?" ती म्हणाली, "अण्णा, सकाळची भाजी तुम्हीच करता. आम्हीच तुमचं खातो." ते त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. नात अबोली नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर अस्सल ल्यूकनच्या इंग्रजीत यायचं. ती म्हणाली, "आजोबा, यू जस्ट हॅव टू बी पुअर, लाइक." वसंतराव म्हणाले, "साक्षीदार अल्पवयीन आहे," आणि बूट घालून बाहेर पडले.

हरीश घरून काम करत होता. खिडकीतून त्याला दिसलं की वडील गल्लीतली एकेक बेल वाजवताहेत. मीटिंग चालू होती, त्यामुळे त्याला उठता येईना. साहेब पडद्यावर तिमाहीचं काही सांगत होते, आणि बाहेर दार उघडणारा प्रत्येक शेजारी आधी वसंतरावांकडे आणि मग बोट दाखवलेल्या दिशेने हरीशच्या खिडकीकडे बघत होता. चौथ्या दारानंतर हरीशने कॅमेरा बंद केला. सहाव्या दारानंतर मीटिंग सोडली आणि चपला न बदलता धावला.

वडील शेजारच्या नोरीनच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. नोरीन ऐंशीच्या घरातली, नवरा गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. हरीश कुंपणाशी पोचला तेव्हा वडिलांचं तहसीलदारी इंग्रजी चालू होतं. अर्थ असा, की आपल्या माहितीप्रमाणे सदर इसम मुलावर अवलंबून आहे अगर कसे, ते कृपया सांगावे.

"तुम्ही?" नोरीन म्हणाली. "माझं फाटक तुम्ही बसवलंत. माझे कचऱ्याचे डबे तुम्ही बाहेर काढता. मला विचाराल तर हा सगळा रस्ताच तुमच्यावर अवलंबून आहे."

"म्हणजे नाही," वसंतराव म्हणाले. त्यात थोडा विजय होता. आणि हरीशला वाटलं, थोडी निराशाही होती.

"पण घेत का नाही हो तुम्ही त्याचं?"

मग वसंतरावांनी जे सांगितलं ते हरीशने कधी ऐकलं नव्हतं. ते इंग्रजीत होतं म्हणून सांगता आलं असेल; परक्या भाषेत माणूस स्वतःलाही थोडा परका असतो. ते म्हणाले, "मॅडम, बायको होती तेव्हा मी घेत होतो. ती ताट द्यायची, मी घ्यायचो. आता मला देणं तेवढं जमतं. घ्यायला गेलो की ती नाही हे कळतं."

नोरीनने चहा ओतला. घाई केली नाही.

"माझा मामा मिक बोस्टनला होता," ती म्हणाली. "बांधकामावर. तिकडून डॉलर यायचे. आमच्या आईने एकही परत पाठवला नाही, आणि एकही जपून ठेवला नाही. त्यातून तिने छप्पर घातलं. आणि आमच्या स्लायगो गावचा पाऊस म्हणजे तुम्हाला सांगते, आडवा येतो. तर रात्री पाऊस वाजायला लागला की आई वर बघायची आणि म्हणायची, मिक आज घरी आलाय. तो चाळीस वर्षांत एकदाही येऊ शकला नाही. पण आमच्याकडे तो सारखा असायचा हो. पाठवले असते तिने परत, तर कुठून आला असता?"

 वसंतरावांनी चहाबरोबरचं बिस्किट घेतलं. नंतर हरीशला बघून म्हणाले, "चल. चौकशी पूर्ण झाली. अर्ज नामंजूर."

फियोनाबाईंनी फोनवर तेच सांगितलं, जरा सभ्य भाषेत. जे नाही ते लिहून उपयोग नाही. पकडलं गेलं तर पुढची दारंही बंद होतील. वडिलांनी परत जावं. तुम्ही पाठवत राहा. त्यांनी ते ठेवावेत, वापरावेत. वर्षभराने खरंखुरं काही दाखवता आलं तर पुन्हा या. मंजूर होईलच असं वचन कोणी देणार नाही.

वसंतराव मिरजेला गेले. पहिल्या महिन्याचे पैसे हरीशने पाठवले आणि ह्या खेपेला पासवर्ड नवा करून आपलं जुनं खातं उघडून बसला. आठवड्याने पैसे परत आले. वर एक रुपया.

हरीश चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. वडिलांवर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे तो चढवायचा कुठवर याचा त्याला अंदाज नव्हता.

"अण्णा, तुम्हाला यायचंच नाहीये का इकडे? तसं सांगा! मी ताईला नोटरीपुढे उभी करणार होतो, गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही माझी—"

"ओरडू नकोस. यायचंय की."

"मग घेत का नाही?"

"सवय नाही रे."

"मग मला काय सवय आहे? घसघशीत पगार आहे, घर आहे, आणि माझ्या बापाला माझा चहासुद्धा चालत नाही! मी स्पॉन्सर नाही अण्णा, मी तुमच्या दारात उभा असलेला विक्रेता आहे. माल घेऊन येतो, तुम्ही दारातूनच नको म्हणता. वर रुपया देऊन वाटेला लावता."



"तुला असं वाटतं होय," वसंतराव म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी फोन आधी ठेवायची तीही पहिलीच वेळ.

दुसऱ्या महिन्याचे पैसे गेले. परत आले नाहीत. हरीशला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याला झोप लागेना. रुपया आला असता तर निदान अण्णा रागावले नाहीत हे तरी कळलं असतं. गिरिजाताईंनी कळवलं की अण्णा बरे आहेत, गप्प आहेत, काही विचारलं तर बघतो म्हणतात.

मग एका मंगळवारी तो कारखान्याच्या पार्किंगमध्ये सँडविच खात गाडीत बसला होता. बाहेर वारा असा होता की समुद्रपक्षी पुढे जाण्याचा नाद सोडून मागे मागे उडत होते. फोन वाजला. वडील. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका.

"अण्णा? कुठे आहात?"

"हॉटेलात. स्टेशनजवळ नवीन निघालंय. थाळी घेतली."

वसंतराव एकटे हॉटेलात गेल्याचं आवटी घराण्यात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. हरीशने सँडविच खाली ठेवलं.

"कोण आहे बरोबर?"

"तेच सांगतोय. पोरगा ऑर्डर घ्यायला आला. त्याला आधीच सांगितलं, बाबा, बिल माझ्या मुलाचं आहे. म्हटलं नंतर घोळ नको. तर तो म्हणाला, बरं आजोबा, आणि समोर तुझंही ताट मांडून गेला."

"मग?"

"मग काय. मांडलेलं उठवा कसं म्हणायचं? वाढलं त्याने. दोन ताटांचे पैसे झाले. तुझ्यातलेच गेले."

बाहेर पाऊस नसूनही हरीशला समोरची काच धुकटलेली दिसत होती.

"अण्णा, पावती घेतलीत का?" हे त्याच्या तोंडून निघालं, आणि आपण हे काय विचारलं म्हणून त्याने कपाळावर हात मारला.

"घेतो की. पण ऐक. माझं जेवून झालं, आणि तुझं तसंच. गार व्हायला लागलं. टाकवेना. मग तिकडच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि तुझंही जेवलो."

"दोन थाळ्या?"

"सावकाश." वसंतराव क्षणभर थांबले. "तुझ्या ताटातली आमटी जास्त चांगली होती."

"एकाच पातेल्यातली असणार, अण्णा."

"असेल," वसंतराव म्हणाले. "पण होती."